सातवं पान

१९९७ साल. मी तेव्हा सत्तावन्न वर्षांचा होतो आणि सर बेचाळीसचे. गल्लीच्या तोंडाशी आले की ते थांबायचे. भिंतीवर पंजा सपाट टेकवायचे, पुढची माणसांची भीड बघायचे, आणि भीड ज्या चालीनं चालली असेल त्याच चालीनं आत शिरायचे. मी पुढं होऊन ओरडायचो, "हटो भाई, सर आ रहे हैं!" तर मलाच म्हणायचे, "काका, गल्ली सगळ्यांची आहे."

ते विद्यापीठात संगणक शिकवायचे, मी त्यांच्याच विभागात चपरासी. दोघंही मणिकर्णिकेजवळच्या रामघाटावरचे, म्हणून जाणं-येणं सोबत. नाव लिहीत नाही, त्यांना आवडलं नसतं. दारावरच्या पाटीवरसुद्धा त्यांनी कधी नाव लावू दिलं नाही. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. खोलीत असतात तेव्हा कळत नाही, नसली की खोली मोठी वाटते.

माझं शिक्षण म्हणाल तर दोन वर्षं वेदपाठशाळा, मग चौथीपर्यंत शाळा. पण तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या हातून एक कागद हरवला नाही. हे मी सगळ्यांना सांगायचो, कुणी विचारो न विचारो.

एकदा चहा पिताना मी विचारलं, "सर, तीन वर्षं काय लिहिताय एवढं?"

म्हणाले, "दूरच्या दोन संगणकांनी एकमेकांना आवाज कसा पाठवायचा, त्याचे नियम. आवाजाची बारीक बारीक पुडकी करतात, काका. काही वाटेत गळतात."

"मग परत मागवायची."

मला दुसरं काय सुचणार? पाठशाळेत तेच अंगात मुरवलं होतं. अक्षर गळलं की मागे जा, पहिल्यापासून म्हण. एका अक्षरासाठी मी पूर्ण सकाळ उभा राहिलोय.

"माझे वडील घनपाठी वैदिक," सर म्हणाले. "त्यांचंही तेच. पोथी पाठवायची तर तेच बरोबर. पण इथं समोर माणूस बोलतोय. गळलेला शब्द आणायला मागे गेलात तर तोवर बोलणं पुढं निघून जातं. गेलं ते गेलं, पुढचं येऊ द्या."

"म्हणजे गळो नाहीतर राहो, आंधळ्यासारखं फेकत सुटायचं?"

"तिथंच तर सगळे चुकतात! गळतंय याचा अर्थ वाटेत भीड आहे. मग आपली चाल कमी करायची. दुसऱ्यांचीही पुडकी त्याच वाटेनं जातायत."

"हे तर आपल्या गल्लीतला सांडही जाणतो."

सरांना इतकं हसू आलं की चहा पायजम्यावर सांडला. म्हणाले, "जाणतो, पण त्यानं लिहून कुठं ठेवलंय?"

त्याच वर्षी त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायला लागली. पाय सुजायचे. मग विभागात येणं बंद झालं, घरीच खाटेवर बसून संगणकावर लिहायचे. हे नियम ठरवणारी माणसं परदेशात दर चार महिन्यांनी बैठक घेत. मसुदा ठरल्या तारखेच्या आत पोचला तरच त्यावर विचार व्हायचा. सरांचा मसुदा अगदी शेवटच्या दिवशी पुरा झाला.

विभागातल्या मशीनला फोनवरून दिल्लीची लाईन दिवसातून एकदाच लागायची, दुपारी साडेचारला. तेवढ्यात संगणकावरची सगळी पत्रं जायची. ते काम एक मॅडम बघायच्या. दोन वाजता सरांनी मला मसुदा भरलेली फ्लॉपी दिली आणि सोबत त्याचीच छापील दहा पानं.

"पानं नुसती मॅडमना पडताळायला. राहिली तर राहू देत. साडेचारच्या आत फ्लॉपी पोचली पाहिजे, काका."

"माझ्या हातून आजवर एक कागद..."

"ठाऊक आहे," सरांच्या पत्नी, वहिनी, आतून म्हणाल्या. "निघा आता."

गल्लीत समोरून एकामागून एक दोन प्रेतयात्रा येत होत्या. कुणीही भिंतीला लागून उभा राहिला असता. मी घुसलो. धक्क्यात पानं हातातून सुटली. गोळा केली, चौकात येऊन रिक्षा केली. गोदौलियाच्या पुढं गेल्यावर मोजली, तर नऊ. सातवं नव्हतं.

फ्लॉपी खिशात होती. सरांचं बोलणं कानात होतं. तरी मी रिक्षा वळवली. तीस वर्षांत जे झालं नाही ते सरांच्याच कामात कसं होऊ द्यायचं? गल्लीत तासभर शोधल्यावर एका दह्याच्या दुकानाच्या पायरीखाली पान सापडलं, अर्धं शेणात. मी धोतरानं पुसलं. खरं सांगतो, त्या घडीला मला छाती फुगल्यासारखं वाटलं.

विभागात पोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते. मॅडमनी तीनदा दिल्ली लावली. एकदाही लागली नाही. सातवं पान हातात घेऊन त्या म्हणाल्या, "काका, याची गरजच नव्हती."

परतताना रिक्षा पंक्चर झाली असं सांगावं, हे चारदा मनात आलं. पण खोटं बोलणं मला कधी जमलं नाही. सरांच्या खाटेवर पान ठेवलं आणि म्हणालो, "सापडलं. पण लाईन चुकली."

त्यांनी ते पान उलटसुलट पाहिलं. शेणाच्या डागावर बोट फिरवलं. "गेलं ते गेलं, काका. पुढचं येऊ द्या." मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

वहिनी दारापर्यंत आल्या. "पुढची बैठक चार महिन्यांनी. डॉक्टर काय म्हणालेत ते ठाऊक आहे ना तुम्हाला?"

ठाऊक होतं. कुणी मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दोघांनीही दिल्या नाहीत.

सर रडत बसले नाहीत. मसुद्यात पुन्हा दुरुस्त्या करायला लागले. ते पडल्या पडल्या सांगायचे आणि वहिनी लिहायच्या. मी संध्याकाळी जाऊन पायाशी बसायचो. एकदा म्हणाले, "या वेळी पण तुम्हीच न्या हं."

"दुसऱ्या कुणाला तरी सांगा, सर."

"छे. तुमच्याइतकी वाट आता कुणाला कळलीय?"

मुदतीला दहा दिवस होते तेव्हा ते गेले. त्यांना मणिकर्णिकेला नेलं. मी खांदा दिला होता. गल्ली भरलेली होती. पुढचे थांबले की आम्ही थांबायचो, ते चालले की चालायचो. त्या दिवशी मी कुणाला हट म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या दारात गेलो. वहिनींनी फ्लॉपी माझ्या तळहातावर ठेवली. कागद एकही नव्हता. गल्लीच्या तोंडाशी मी थांबलो, भिंतीवर हात टेकवला, भीड पाहिली आणि निघालो. थोडं पुढं गेल्यावर कुणीतरी मागून ओरडलं, "बाबा, गमछा गिर गयल!" खांद्यावरून पडलेला गमछा माझाच होता. मी चालत राहिलो.

आठ वाजता विभागाचं कुलूप उघडलं. सरांची खुर्ची पुसली. मग फ्लॉपी हातात धरून मशीनशेजारी स्टुलावर बसलो. लाईन लागायला अजून साडेआठ तास होते.