सुतकातल्या घरून शुभेच्छा

गणेश चवथीच्या सकाळी मी नेवऱ्या, म्हणजे आमच्याकडच्या करंज्या, तळत होते आणि फोन वाजला. दीप्ती होती.

"ताई, परबांच्या फेसबुक पानावर पोस्ट गेली."

"जायचीच होती. सातची वेळ आपणच लावली होती ना?"

"त्यांच्या घरात सुतक आहे, ताई. काल त्यांचे काका गेले."

झारा माझ्या हातात तसाच राहिला. काका गेल्याचं मला ठाऊक होतं. परबांच्या पुतण्याने आदल्या संध्याकाळी व्हॉट्सअॅप स्टेटसवर फोटो ठेवला होता. त्याखाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहून हात जोडणारी मीच होते. मग मी गणपतीवर टांगायच्या माटोळीला सुपाऱ्या बांधायला गेले आणि पोस्ट थांबवायचं डोक्यातून साफ निघून गेलं.

पोस्ट शेड्यूल करणं म्हणजे ती आधीच भरून ठेवायची आणि वेळ लावून द्यायची. ठरल्या वेळी ती आपोआप पानावर जाते. आमच्या जाहिरातीच्या धंद्यात सणासुदीला सगळे हेच करतात, नाहीतर सणाच्या दिवशी घरी कोण असणार? आमची पोस्ट होती नेवऱ्यांच्या ताटाची, वर काजू पेरलेले आणि खाली ओळ, 'परब परिवाराकडून चवथीच्या गोड गोड शुभेच्छा.' ज्या घरात यंदा गणपतीच बसणार नव्हता, त्या घराकडून.

काजू कारखान्याचे परब आमचे क्लाएंट अजून झालेही नव्हते. आमची एजन्सी सांखळीची, तीन माणसांची. मी, दीप्ती आणि अर्धा दिवस येणारे हिशेबनीस. एका स्कूटर शोरूमच्या कामावर आमचं निम्मं ऑफिस चालायचं. ते काम पणजीच्या मोठ्या एजन्सीकडे गेलं. चवथीपर्यंत वर्षभराचं नवं काम मिळालं नाही तर दीप्तीला कामावर ठेवणं मला परवडणार नव्हतं. दीप्ती आमोण्याची, आठ वर्षं माझ्याकडे, हात सोन्याचा. नवऱ्याचं खाणीवरचं काम सुटल्यापासून घर तिच्यावर होतं. हे तिला मी स्पष्ट सांगितलं होतं. ती म्हणाली, "मग मिळवूया काम. रडून काय होणार?"

आम्ही सोशल लिसनिंग सुरू केलं. नाव मोठं आहे, काम साधं. धंदेवाल्यांच्या पानांखाली लोक काय लिहितात ते शांतपणे वाचत बसायचं. पेडण्याच्या परबांच्या काजू कारखान्याच्या पानावर लोक कितीतरी महिने एकच विचारत होते, 'गावठी काजू आणि बाहेरचे काजू ओळखायचे कसे?' उत्तर कुणीच देत नव्हतं. आम्ही दिलं. दीप्तीने परबांचाच एक काजू हातात घेऊन फोडून दाखवला, साल, रंग, वास, सगळं. तो छोटा व्हिडिओ आम्ही आमच्याच पानावर टाकला. परबांचं नाव घेतलं नाही. दोन दिवसांत तो पेडण्यातल्या ग्रुपांवर फिरत फिरत परबांपर्यंत पोचला.

त्यांचा फोन आला. "त्या व्हिडिओतले काजू माझे आहेत. कोणाला विचारून घेतले?"

"दुकानदाराला. म्हापशात, पैसे देऊन."

"मग पेडण्याला या एकदा."

मी गेले. पणजीची एक एजन्सीही रांगेत होती. परब म्हणाले, "चवथीची एक पोस्ट करून दाखवा. ती बघून वर्षाचं ठरवू." पानाची चावी त्यांनी आमच्या हातात दिली. त्या विश्वासाचं आम्ही हे केलं होतं.

दीप्तीने पोस्ट लगेच काढली. पण स्क्रीनशॉट गावभर झाले होते. मी गॅस बंद केला आणि साडी बदलली.

सासूबाई म्हणाल्या, "सुतकाच्या घरात निघालीस? घरात देव बसतोय."

"परत आले की विहिरीवर न्हाईन, मग आत येईन."

"आणि पूजेला?"

"तुमचा मुलगा बसतोच की दरवर्षी. मी तळणीवरच असते."

पेडण्याला पोचले तर परब घराच्या पुढच्या सोप्यावर बसले होते. साठीचे, दाढी वाढलेली. मला बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"तुमच्याकडे आज गणपती ना?"

"हो."

"मग हय कित्याक इलात? इथे कशाला?"

"ही चूक फोनवर सांगायची नव्हती."

"काकांना जाऊन एक दिवस झाला नाही," ते म्हणाले. "आणि लोक विचारतात, परबांनी नेवऱ्या केल्या काय? काकी आत आहे. तिलाही कोणीतरी दाखवलं."

धरणीने पोटात घ्यावं असं झालं मला.

"तुम्हाला माहीत नव्हतं ना?" त्यांनी विचारलं. मला पळवाट मिळत होती. हो म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता.

"माहीत होतं. स्टेटसवर श्रद्धांजली मी लिहिली होती. पोस्टचं आठवलं नाही."

मी पुढे म्हटलं, "काम मागायला आले नाही. एवढंच करू द्या. चूक तुमच्या घराची नाही, आमची आहे, हे आमच्या नावानिशी तुमच्या पानावर लिहिते. आमच्याही पानावर घालते."

"मग तुम्हाला दुसरा कोण काम देणार?"

"ते माझं मी बघते."

अंगणात उभी राहूनच मी फोनवर मजकूर लिहिला आणि त्यांना दाखवला. 'तांत्रिक कारणामुळे' या शब्दांवर त्यांनी बोट ठेवलं.

"हे काढा. तंत्राने काय केलं? तुम्ही विसरलात."

काढलं. 'आम्ही विसरलो' असं लिहिलं आणि तिथूनच दोन्ही पानांवर घातलं. घरी येऊन विहिरीवर न्हाले तोवर आरती होऊन गेली होती.

आता आमच्या पानावर सगळ्यात वर तो माफीनामा होता. दीप्ती म्हणाली, "नवं काम देणारा माणूस आधी हेच वाचणार, ताई."

"वाचू दे. खाली काजूचा व्हिडिओ आहे, तोही बघेल."

तेरा दिवस कुणाचा फोन नाही. दीप्तीने पणजीत एका ठिकाणी अर्ज केला, मला सांगूनच केला. मला वाईट वाटलं, पण तिला अडवायचं तोंड मला नव्हतं. मी मात्र रोज चार जणांना फोन करून वेळ मागत राहिले.

चौदाव्या दिवशी परबांचा फोन आला.

"वर्षाचं काम तुमचं. पोस्ट जायच्या आधी आमच्या घरी फोन करायचा, ही अट. मशीनवर सोडायची नाही."

"रोज?"

"पोस्ट असेल त्या प्रत्येक दिवशी."

"पणजीवाले नकोत?" माझ्याने राहवलं नाही.

"त्यांना विचारलं, अशी चूक तुमच्याकडून झाली तर काय करणार? म्हणाले, आमच्याकडे अशी चूक होतच नाही." ते पहिल्यांदाच थोडे हसले. "असल्या माणसांची मला भीती वाटते."

दीप्तीने पणजीचा अर्ज मागे घेतला. आता सगळ्याच क्लाएंटांना सकाळचा फोन तीच करते, 'सगळं बरं ना?' म्हणून. कुणी आईच्या दुखण्याचं सांगतो, कुणी मये गावात दुसरं दुकान काढतोय म्हणून सांगतो, आणि त्या दुकानाचं काम पणजीला कळायच्या आत आमच्याकडे आलेलं असतं.

व्हिडिओ आम्ही अजून करतो, नवे लोक त्यातूनच येतात. पण एखादी गोष्ट माहीत असणं वेगळं आणि ती वेळेवर आठवणं वेगळं. वेळेवर आठवून देणारं बटण अजून निघालेलं नाही. आमच्याकडे दीप्ती आहे.