आईच्या नळीवरचा लाल ठिपका

मला राग लवकर येतो आणि लवकर जातो, असं माझ्या सासरी म्हणतात. एक राग मात्र पंचवीस वर्षं झाली तरी जागचा हललेला नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आईच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, तेव्हा मी तिला पाथर्डीकडच्या गावाहून नगरला माझ्या घरी आणलं. लोकांच्या वर्गणीतून उभं राहिलेलं एक छोटं डायलिसिस सेंटर तेव्हा शहरात होतं. दोन खाटा, दोन मशीन आणि सगळं सांभाळणारा एक तंत्रज्ञ. त्याआधी माणसं पुण्याला जायची, नाहीतर घरीच पडून राहायची. सोमवार आणि गुरुवार आमचे. समोरच्या खाटेवर त्याच वेळेला एक काका असायचे आणि त्यांच्या उशाशी काकू. काकू आणि मी डबा वाटून खायचो. काकांच्या तपासणीत रक्तातून पसरणारी कावीळ निघालेली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तंत्रज्ञ आईचा भारी लाडका. पुण्याला ऑपरेशन करून तिच्या हातातली शीर सुईसाठी तयार करून आणली होती, पण तिच्यात सुई घालणं कुणालाच धड जमेना. ह्याला पहिल्या खेपेलाच जमलं. तो तिला ‘आक्का’ म्हणायचा, ती त्याला ‘भाऊ’. भाऊबीजेला तिनं त्याला सेंटरमध्येच ओवाळलं. सख्खा मामा जिवंत असताना हा मान परक्याला दिला म्हणून मी तिला चिडवलं.

“सख्ख्यानं कधी माझा हात असा धरला व्हय?” ती म्हणाली.

मशीनला रक्त गाळणारी एक वीतभर नळी लावतात, ती तेव्हा पुन्हा पुन्हा वापरत. ज्याची त्यालाच, हा नियम. काम झालं की तंत्रज्ञ ती धुऊन, औषध भरून फळीवर ठेवायचा. वर पांढऱ्या चिकटपट्टीवर नाव. आईला वाचता येत नव्हतं. तिच्या गल्लीत लग्नाला भांडी द्यायची झाली की प्रत्येक घर बुडाला आपापल्या रंगाचा ठिपका लावायचं, म्हणजे परत येताना शेजारणीचं पातेलं आपल्याकडे यायला नको.

“माझ्या नळीला बी लाव की,” ती म्हणाली.

मी पर्समधलं लाल नेलपॉलिश काढलं आणि नळीच्या टोकाशी एक ठिपका दिला. तंत्रज्ञ हसून म्हणाला, “आक्का, आता पैंजण पण घाला तिला.” काकू तर पोट धरून हसल्या.

पावसाळा सरताना एका गुरुवारी मशीन सुरू होऊन तास झाला असेल. आई समोर बघत म्हणाली, “अगं, माझी नळी त्यांच्याकडं कशी?”

काकांच्या मशीनला लावलेल्या नळीवर लाल ठिपका होता. पट्टीवर नाव काकांचं. आईच्या मशीनला आईच्या नावाची नळी होती, पण तिच्यावर ठिपका नव्हता. काकांची कावीळ तासभर आईच्या अंगात चालली होती की काय?

मी ओरडले. तंत्रज्ञ धावत आला. त्यानं दोन्ही मशीन थांबवली, नळ्या सोडवल्या आणि “बघून येतो” म्हणत आत गेला. दहा मिनिटांनी आला तेव्हा दोन्ही नळ्या हातात होत्या. ठिपका एकीवरही नव्हता.

“ताई, कसला ठिपका?” तो म्हणाला.

मी काकांच्या नावाची नळी हिसकावून घेतली. टोकाशी ब्लेडचे ताजे ओरखडे होते आणि खाचेत थोडं लाल उरलं होतं. पट्ट्या चिकटवताना अदलाबदल झाली, असं तो म्हणाला असता तर मी चार शिव्या घातल्या असत्या आणि गप्प बसले असते. एकटा माणूस, घाईचं काम, होतं. पण तो आत जाऊन ठिपका खरवडत बसला.

मी तक्रार केली, तेव्हा सेंटर चालवणाऱ्या ट्रस्टच्या डॉक्टरांनी आम्हाला खोलीत बोलावलं. मी काकूंना म्हटलं, “काकू, सांगा ना. तुमच्यासमोरच लावला होता मी ठिपका. हसला होतात तुम्ही.”

काकूंनी पदर सारखा केला. “म्या न्हाई बघितलं बाई काई. माझं ध्यान ह्यांच्याकडं हुतं.”

बाहेर व्हरांड्यात मी त्यांना अडवलं. त्या रडायला लागल्या. “हे सेंटर बंद पडलं तर ह्यांना घिऊन मी कुठं जाऊ? तू शिकलेली हाय, तुला जमंल पुन्याला.”

त्यांचं म्हणणं मला तेव्हाही कळत होतं. तरी त्यानंतर मी त्यांच्या डब्याला हात लावला नाही. ज्यांच्यासोबत वर्षभर एका ताटात जेवले, त्यांनी मला डॉक्टरांसमोर खोटं पाडलं.

पुढच्या सोमवारी मी हट्टच धरला, की ह्या माणसानं आईला शिवायचं नाही. डॉक्टरांनी दुसरीकडून एक नर्स पाठवली. तिनं तीनदा टोचलं. हात काळानिळा पडला, शीर काही सापडेना. आईला धाप लागलेली, पायांवर सूज चढलेली.

“राहू दे,” आई म्हणाली. “त्याला बोलव.”

तो आला. खाली मान घालून त्यानं तिचा हात घेतला. एका झटक्यात सुई आत गेली.

“नळी माझीच हाय ना?” आईनं विचारलं.

“तुमचीच, आक्का.”

तिनं मान हलवली. मीही हलवली. नुसत्या पट्टीवर विश्वास ठेवण्याखेरीज आमच्या हातात काही नव्हतं, आणि रक्त त्या दिवशी साफ व्हायलाच हवं होतं. त्या वेळी मला त्याच्यापेक्षा माझाच जास्त संताप आला.

कावीळ लागली की नाही हे रक्ताच्या तपासणीत लगेच कळत नाही, काही महिने वाट बघा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मग रोज सकाळी चहा देताना मी आईला खिडकीकडे तोंड करून बसवायची आणि उगाच इकडचं तिकडचं बोलत तिचे डोळे बघायची. एक दिवस तिनं कप खाली ठेवला.

“सारखी डोळ्यांत काय बघतीस गं माझ्या? पिवळं झालं तर मी सांगीन तुला. त्यो न्हाई सांगायचा.”