आमेन म्हणायचं राहिलं

“किती वेळ बोलले नव्हते?” धंतोलीतल्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं आणि माझी बोलती बंद झाली. नाताळच्या नाटकात वीस वर्षं मी दुष्ट राजा होतो. संवाद विसरलो असं कधी घडलं नाही. पण याकोबकाकांचं गप्प बसणं त्या अनोळखी माणसाला समजवायचं कसं... दोन दिवसांनी काका गेले. आता दीड महिना होत आला.

काका कळमन्याच्या धान्यबाजारात वजनकाट्यावर होते. अडते, हमाल कितीही ओरडोत, डोलणारा काटा पुरता थांबल्याशिवाय ते आकडा उच्चारत नसत. निवृत्त झाल्यावर हीच सवय त्यांनी आमच्या चर्चच्या शुक्रवारच्या घरसभेत आणली. सभा त्यांच्याच घरी. प्रार्थना करता करता ते मध्येच थांबायचे. एक मिनिट जाई, दोन जात. आत मार्थाकाकूंच्या चहाला उकळी फुटे आणि डोळे मिटलेले आम्ही पंधरा जण चुळबुळत बसू. अशा वेळी सगळ्यांची सुटका करणारा वीर एकच. भक्तिभावाने ओथंबलेल्या खर्जात मी ‘आमेन’ ठोकून देई. मागोमाग सगळे आमेन म्हणत आणि चहाकडे वळत. काकांचं वाक्य तसंच हवेत लटकलेलं. कित्येक वर्षं हा माझा सर्वांत लोकप्रिय प्रयोग होता. काका रागावत नसत. एकदाच म्हणाले, “काटा अजून हालूनच राहिला असते गा, विल्सन, अन् तू पोतं उचलून मोकळा.”

यंदा इस्टरच्या आधीचा उपवासकाळ लागला तेव्हा मी ऐटीत जाहीर केलं, चाळीस दिवस मटण बंद. काका हसले.

“मटन खा गा तू पोटभर. आमेन सोड. तेवढं मले म्हणू दे.”

पहिल्या शुक्रवारी मी जीभ दाताखाली धरून बसलो. दुसऱ्या शुक्रवारी मनातल्या मनात सासुरवाडीपासून स्कूटरच्या टायरपर्यंत सगळीकडे फिरून आलो. चौथ्या शुक्रवारी मात्र डोक्यातला बाजार हळूहळू उठला. कन्हानला राहणाऱ्या भावाशी सहा वर्षं धरलेला अबोला समोर येऊन बसला, आणि मला राग येईना. घरी जाऊन मी त्याला फोन केला. काकांना सांगितलं, तर एवढंच म्हणाले, “आता थांबाले लागला तू.” त्या शाबासकीवर मी आठवडाभर तरंगत होतो.

सहाव्या शुक्रवारी काका खिडकीजवळच्या आपल्या लाकडी खुर्चीत प्रार्थना करत होते. “आणि प्रभू, आमच्या विल्सनले...” म्हणाले आणि थांबले. माझ्यासाठी काय मागतात ते ऐकायला मी कान टवकारले. मिनिट गेलं, दोन, पाच... शेजारच्याने कोपर मारलं. मी पापणीही हलवली नाही. आपण किती शिकलो, या आनंदात बसून राहिलो. मग चहा घेऊन आलेल्या काकूंनी काकांचा खांदा हलवला आणि त्यांची मान एका बाजूला कलली. “अहो...”

डॉक्टर म्हणाले, लवकर आणायला हवं होतं. जुना वात्रट विल्सन असता तर दुसऱ्याच मिनिटाला त्याने आमेन ठोकलं असतं आणि सगळ्यांचे डोळे उघडले असते. कबरस्तानात मी हे काकूंना सांगितलं. त्यांनी माझा हात धरला. “थांब म्हणून त्यायनंच सांगितलं होतं ना तुले, बाबू.” त्यांनी मला माफ केलं असेल, माझ्या मात्र ते अंगी लागत नाही. धीराचं फळ म्हणतात ते हेच असेल, तर ते मला नको होतं. इस्टर आलं आणि गेलं. मी गाणी म्हटली नाहीत.

सभा अजून त्याच खोलीत भरते. खुर्ची कुणी हलवलेली नाही. काकूंच्या आग्रहाखातर प्रार्थना मी करतो, उभ्याने. मध्ये थांबतो, तेव्हा सगळे डोळे मिटून निमूट थांबतात. हल्ली कुणी चुळबुळत नाही. मी मात्र डोळे उघडे ठेवतो. एकेकाची छाती वरखाली होते आहे ना, बघत राहतो. ‘आमच्या विल्सनले’च्या पुढे काय होतं, ते आता कोण सांगणार... शेवटी आमेन काकू म्हणतात. मला म्हणवत नाही.