सुजाताच्या मापाचा चिमटा

सुजाता गेल्याचा फोन आला तेव्हा मी पॉलिटेक्निकमध्ये तास घेत होतो. तिच्या नवऱ्याचा फोन होता. हृदय बंद पडलं, एवढंच तो बोलू शकला... आता महिना उलटून गेला. नाचणगावात आम्ही एकाच आळीत वाढलो, एकाच शाळेत शिकलो. पुढं ती वर्ध्यात सर्जन झाली आणि मी यंत्रं शिकवणारा मास्तर.

काही वर्षांपूर्वी एका रविवारी ती माझ्या घरी आली होती. बोलता बोलता चहाचा कप तिच्या हातून सुटला. अंगठा बधिर झाला होता. दुर्बिणीतून पित्ताशय काढताना जो लांब चिमटा धरावा लागतो, तो मोठ्या पंजांसाठी बनवलेला. त्याच्या कड्यांत तिची बोटं हिंदकळत, मनगट वाकवून तासभर धरलं की कळ खांद्यापर्यंत जाई. ही ऑपरेशनं आता दुसऱ्यांना द्यावीत, असं वरिष्ठांनी सुचवलं होतं. ते सांगून तिनं सांडलेला चहा पुसायला घेतला. मग म्हणाली, "मले ऑपरेशन सोडाचं नाई, विलास. तू चिमटा बदलव."

मग आमचे शनिवार वर्कशॉपात जाऊ लागले. कड्या लहान केल्या तर पकड सैल व्हायची. प्लास्टिकची तिरपी मूठ करून पाहिली, तर निर्जंतुक करायच्या वाफेत ती वाकली. सुजाता आष्टीची संत्री आणायची आणि बंद खोक्यात कॅमेरा लावून चिमट्यानं फोडीवरचं पातळ सालपट सोलायची. फोड फुटली की पित्त सांडलं म्हणायची... आणि ती फोड मला खायला द्यायची. त्या हिवाळ्यात वर्कशॉपाला तेलापेक्षा संत्र्याचाच वास जास्त.

शेवटी पोलादाची तिरपी मूठ तिच्या हातात नीट बसली; रुग्णालयाच्या समितीची परवानगी यायला मात्र बराच काळ गेला. नव्या मुठीनं तिनं पहिलं ऑपरेशन केलं ते अल्लीपूरच्या एका बाईचं. चिरफाडीच्या भीतीनं ती बाई दुखणं अंगावर काढत होती. मी बाहेर बाकावर बसलो होतो. सुजाता आली आणि माझ्यापुढं अंगठा हलवत म्हणाली, "दुखून नाई राह्यला." तिचे डोळे भरून आले होते. पुढं तिच्या हाताखालच्या डॉक्टर मुलीही तोच चिमटा मागू लागल्या.

परवा पहिल्या वर्षाची एक मुलगी लोखंड घासताना कानस धरून अवघडली होती. मी तिचा हात पाहिला, कानशीची लाकडी मूठ काढली आणि बारीक करायला घेतली. सर, असं बदलवता येते का, तिनं विचारलं. येते, मी म्हटलं... आणि मूठ तिच्या पंजात बसते का ते पाहायला तिच्या हातात दिली.