अभ्यासक्रमातला वाघ

तिसरीच्या वर्गातली अठ्ठावीस पोरं एका दमात ओरडली, ‘टायगर इज कमिंग,’ आणि दाराकडे धावली. दार लावलं आणि म्हणाली, ‘वुई आर सेफ.’ मी मागच्या भिंतीशी नोंदवही घेऊन बसले होते. ‘मुलांचा प्रतिसाद’ या रकान्यात मी ‘उत्तम’ लिहिलं.

जिल्हा परिषद शाळांसाठी इंग्रजीचं पूरक पुस्तक तयार करणं, हे तेव्हा माझं काम होतं. पुस्तक छापायच्या आधी धडा एखाद्या शाळेत शिकवून बघतात. त्याला आम्ही ट्रायआउट म्हणतो. हा ट्रायआउट चिमूरकडच्या, जंगलाला लागून असलेल्या एका गावात होता. धडा अ‍ॅक्शनचा होता. म्हणजे भाषांतर करायचं नाही. वाक्य बोलायचं आणि ते अंगाने करून दाखवायचं. आधीच्या मसुद्यात पोलर बेअर होतं. आमच्या शिक्षक प्रशिक्षण संस्थेचे प्राचार्य म्हणाले, ‘मॅडम, लोकल टच द्या.’ मी वाघ दिला.

प्राचार्य स्वतः बघायला आले होते. पहिल्या फेरीनंतर ते म्हणाले, ‘छान. पण आवाज कमी पडतोय. खिडक्या उघडा.’

वर्गशिक्षक मडावी गुरुजी चाचरले. ‘सर, बाहेर ऐकू जाते.’

‘जाऊ द्या की. इंग्रजी गावापर्यंत पोचली पाहिजे.’

पोचली. त्या भागात टायगर हा शब्द कुणाला शिकवावा लागत नाही. सफारीच्या जिप्सी दिवसभर तोच शब्द घेऊन हिंडतात.

दुसरी फेरी झाली. तिसऱ्या फेरीला बाहेरून डबे बडवल्याचा आवाज आला. मला वाटलं, कुणाचं लग्न असेल. खिडकीतून पाहिलं तर शाळेला वेढा पडलेला. माणसांच्या हातात काठ्या. शेजारच्या शेतात सोयाबीन निंदणाऱ्या बाया विळे घेऊन आलेल्या. खिचडी शिजवणाऱ्या शांताबाईंनी स्वतःला धान्याच्या खोलीत कोंडून घेतलं होतं आणि आतून विचारत होत्या, ‘गेला का?’

तेवढ्यात वनरक्षक धापा टाकत पटांगणात आले. ‘कुठी हाय वाघ?’

प्राचार्य बाहेर गेले आणि शांतपणे म्हणाले, ‘वाघ अभ्यासक्रमात आहे.’

‘कशात?’

‘इंग्रजीच्या पुस्तकात. पान अकरा.’

वनरक्षकांनी काठी खाली टेकवली. ‘साहेब, मी ऑफिसले फोन करून बसलो. रेस्क्यू टीम निघाली जाळी घेऊन. आता मी रिपोर्टमंदी काय लिहू?’

‘ट्रायआउट लिहा.’

‘तो कोनता प्रानी हाय?’

शेवटी पुरावा म्हणून त्यांनी माझ्याकडून पान अकराची झेरॉक्स मागून घेतली. तोवर लोक हसायला लागले होते. सरपंच लताबाई मात्र हसल्या नाहीत. त्या शेतातून थेट आल्या होत्या. पायाला चिखल तसाच होता.

‘मॅडम,’ त्या म्हणाल्या, ‘आज आमी पयत आलो. उद्या पोट्टे पुन्हा वरडले त आमी म्हनू, इंग्रजीचा तास चालू हाय. अन् परवा खरंच वाघ आला त?’

मी शब्दांची काठिण्यपातळी तपासली होती. वाक्याची लांबी तपासली होती. हे तपासलं नव्हतं. वहीतलं ‘उत्तम’ मी गुपचूप खोडलं.

‘मग काय घालू?’ मी विचारलं.

पटांगणातच चर्चा सुरू झाली. अस्वल नको, ते मोहाच्या दिवसात खरंच येतं. रानडुक्कर नको, ते रोजच धानात येतं. कुणी शेळी सुचवली. मडावी गुरुजी म्हणाले, ‘शेळी आली त कोन पयते? दार काऊन लावाचं?’ प्राचार्यांना पोलर बेअरची पुन्हा आठवण झाली, पण कुणी लक्ष दिलं नाही.

धान्याच्या खोलीचं दार किलकिलं झालं. शांताबाई म्हणाल्या, ‘माकड घाला ना. खिचडी पाहून रोज येते. आमी पयतो, दार लावतो. काठी घेऊन कोनी येत नाई.’

एवढं चोख उत्तर मला कुठल्याच तज्ज्ञ समितीत मिळालं नव्हतं. पुस्तकात ‘मंकी इज कमिंग’ छापलं गेलं.

दोन महिन्यांनी आम्ही पाहणीला त्याच शाळेत गेलो. आमची गाडी फाटकात दिसताच पोरं ओरडली, ‘मॅडम इज कमिंग,’ आणि आतून कडी लावून घेतली. वाक्याचा साचा तोच ठेवून मुलाने स्वतःचा शब्द घातला, की ते वाक्य त्याला आलं असं आम्ही धरतो. मी व्हरांड्यात उभ्या उभ्या लिहिलं, ‘उद्दिष्ट साध्य.’ कडी निघायला दहा मिनिटं लागली.

त्यानंतर नोकरी संपेपर्यंत मी एक नियम पाळला. शब्दाचा अर्थ शब्दकोशात बघायचा, पण तो शब्द ऐकून कोण कोण धावत येईल, हे आधी गावात विचारायचं.