लव्हालच्या सासूबाईंचा उलटा संत

सासूबाईंच्या फ्रिजवर डोकं खाली, पाय वर करून ठेवलेला संत मी सरळ केला. नुसता सरळ केला नाही. नळाखाली धुतला, माझ्या रुमालाने पुसला, पूर्वेकडे तोंड करून उभा केला आणि हात जोडले. तेव्हा त्या माझ्या सासूबाई झालेल्या नव्हत्या, आणि त्या दुपारनंतर कधी होतील असंही वाटेना. माझा समज असा, की कडेवर बाळ घेतलेला तो वीतभर उंचीचा मातीचा साधुपुरुष पेल्यात उलटा पडलाय आणि घरात कुणाचं लक्षच नाही. साताऱ्यात वाढलेल्या माणसाला देव उलटा दिसला की राहवत नाही. शिवाय मुलीच्या आईवर छाप पाडायची होती, तेही खरंच.

ही बाई म्हणजे कॅनडाच्या फ्रेंच बोलणाऱ्या भागातल्या लव्हालमधल्या एका घरात बसून एल साल्वादोरमधलं अख्खं गाव चालवणारी बाई. तीस हिवाळे इथे काढले, पण बर्फ त्यांनी अजून मान्य केलेला नाही. उणे वीसमध्ये दार उघडून बाहेर बघतात आणि 'आज जरा जास्तच झालं' म्हणतात; जणू कुणीतरी चुकून चालू ठेवलाय आणि उद्या बंद करेल. 'चार माणसं येणार आहेत' म्हणाल्या की चाळीस येतात, आणि त्यांतला प्रत्येक जण चुलतभाऊ असतो. एकदा मी एका गृहस्थाशी हिचे मामा समजून अर्धा तास अदबीने बोलत होतो, पायाही पडलो. तो घर गरम ठेवणारी फर्नेस दुरुस्त करायला आलेला माणूस निघाला. पण बाईंनी त्याला तोवर जेवायला बसवलं होतं, आणि पुढच्या वाढदिवसाला तो केक घेऊन खरंच मामासारखा हजर झाला. माझी चूक त्यांनी अशी निस्तरली. पहिल्या भेटीत मी 'जेवून आलोय' म्हणालो होतो, तर त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला होता.

त्यांच्या पार्ट्यांमध्ये पाहुण्यांचे कोट आतल्या पलंगावर टाकायचे आणि पेंगुळलेली पोरं त्या कोटांवर. बाहेर कानठळ्या बसतील एवढा नाच, आत पोरं ढाराढूर. आमची ही अशाच कोटांच्या ढिगात वाढली. अजूनही डोळे मिटून नुसत्या वासावरून कोट ओळखते: हा मावशीचा, हा त्या सिगरेट ओढणाऱ्या काकांचा. मैत्रिणीकडे रात्री राहायला जाऊ का विचारलं, की बाई म्हणायच्या, "का? आपल्याकडचा पलंग मोडलाय?" शनिवारी सकाळी सातला मोठ्याने गाणी लागली की समजायचं, आज पडद्यापासून पायपुसण्यापर्यंत सगळं धुतलं जाणार, आणि झोपलेलं माणूस दिसलं तर तेसुद्धा. ही हे सांगायला लागली की मला वाटतं, आपण दोघं एकाच घरात वाढलो. फक्त आमच्याकडे त्या वेळी भक्तिगीतं लागायची. घरी निघतो म्हटल्यावर दारात आणखी दीड तास उभं राहणं तर मला शिकवावंच लागलं नाही.

तर त्या दुपारी बाई बेसमेंटमधून धुतलेले कपडे घेऊन वर आल्या, फ्रिजकडे पाहिलं आणि हातातली टोपली खाली ठेवली.

"याला कुणी सोडवलं?"

"मी," मी अभिमानाने म्हणालो. "पडला होता बिचारा. धुतलासुद्धा."

"धुतलास?"

"साबण नाही लावला."

ही हसता हसता भिंतीला टेकली. "अरे, पडला नव्हता तो! शिक्षा चाललीये त्याची. काम करेपर्यंत डोक्यावर उभं राहायचं."

माझी ट्यूब पेटली. माझ्या दहावीच्या निकालापर्यंत आमच्या आत्याने गणपती पाण्यात ठेवला होता. निदान मला तरी हे कळायला हवं होतं.

"पण काम कसलं?"

"मुलींना नवरे मिळवून देतो तो," ही म्हणाली. मी इथे बसून यांच्या हातचं खातोय आणि वर फ्रिजवर माझ्या जागी माणूस शोधण्याचं काम चाललंय!

"दुसरं कुणी बघताय का?" मी बारीक आवाजात विचारलं.

"मिहो," बाई म्हणाल्या. मिहो म्हणजे बाळा, पण त्यांच्या तोंडी त्याचा अर्थ आवाजावरून ठरतो, आणि हा आवाज बाळाला शोभणारा नव्हता. "तुझा कागद!"

माझा पीआर, म्हणजे इथे कायमचं राहायचा परवाना, अडकला होता. वर्क परमिट मेअखेर संपणार. तोवर पीआर आला नाही, तर बॅग भरून साताऱ्याला परत, आणि लग्नाचं नावच नको. मी ऑनलाइन स्टेटस बघून बघून रडकुंडीला आलो होतो. वकिलाला दुसऱ्यांदा फोन करायचीही मला भीती वाटायची. बाईंनी मात्र कुणाला न सांगता थेट वरच्या ऑफिसला धारेवर धरलं होतं.

"हा हरवलेल्या वस्तू शोधतो आणि नवरेही मिळवून देतो," त्यांनी मला समजावलं. "तुझा कागद हरवलाय, आणि त्यापायी हिचा नवरा चाललाय. दोन्ही खाती याचीच. पाच आठवडे डोक्यावर होता, आता कुठे कंटाळला असता, तर तू येऊन त्याला आंघोळ घातलीस!"

मला संताची माफी मागायला लावली, मराठीत. मग संत पुन्हा उलटा झाला आणि वर दंड म्हणून बाईंनी त्याच्या कडेवरचं बाळही काढून घेतलं आणि बटणांच्या डब्यात ठेवलं. त्यानंतर दर रविवारी दारात पहिला प्रश्न, "मेल?" मी मान हलवायचो. त्या माझ्यावर कधी चिडल्या नाहीत. फक्त फ्रिजकडे असं बघायच्या, की मीच संतापुढे उभा राहून नजर चुकवायचो.

एप्रिलमधल्या एका रविवारी दुपारी आम्ही पुपुसा थापत होतो. पुपुसा म्हणजे मक्याच्या पिठाची, आत घेवड्याचं सारण भरलेली भाकरी; माझी कायम एका बाजूने फुटते. फोन वाजला. पिठाच्या हातांनी मी तो मेल तीनदा वाचला, मग हिला वाचायला दिला. ही किंचाळली.

बाई किंचाळल्या नाहीत. त्यांनी शेगडी बंद केली, हात पुसले आणि खुर्चीवर बसल्या. चार वर्षांत मी त्यांना स्वयंपाकघरात बसलेलं पाहिलं नव्हतं.

"आमचे कागद यायला नऊ वर्षं लागली," त्या म्हणाल्या. "तोवर बाहेर गेलं तर परत येता येणार नव्हतं. कागद आले त्याच आठवड्यात तिकीट काढलं. पोचले, तर आईच्या घराला कुलूप. शेजारणीने किल्ली दिली." मग हिच्याकडून फोन घेऊन त्यांनी माझ्या हातात दिला. "तू तुझ्या आईला आत्ता फोन कर. तिकडे रात्र असली तरी कर."

मग उठून त्यांनी संताला सरळ केलं, पदराला... म्हणजे एप्रनला पुसलं आणि त्याचं बाळ त्याच्या कडेवर परत दिलं. मी आईचा नंबर लावत होतो, पण आकडे दिसेनात. मी हमसून हमसून रडत होतो. पिठाचे हात डोळ्यांना लावल्यामुळे चेहऱ्याचं काय झालं असेल ते असो.

बाईंनी माझ्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं. मग हिच्याकडे वळून, मलाही नीट कळावं म्हणून सावकाश, सोप्या फ्रेंचमध्ये म्हणाल्या, "रडताना फारच वाईट दिसतो गं हा. मुलं तुझ्यावर गेली म्हणजे मिळवली."