पोटरीत आलेला गोळा

कॉपी करणारी मुलं एकमेकांकडे बघतात, असा बाहेरच्या लोकांचा समज असतो. ज्यांचं आधीच काही ठरलेलं असतं ती एकमेकांकडे मुळीच बघत नाहीत. कर्वेनगरच्या एका कॉलेजात बावीस वर्षं परीक्षेच्या वर्गांत फेऱ्या मारून मी एवढं नक्की शिकलो आहे. म्हणून फेब्रुवारीतल्या एका रविवारी खडकवासल्याला सायकली लावून चहा पिताना आमच्यातली तिघं एकमेकांची नजर चुकवायला लागली, तेव्हा माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

आमचा चौघांचा ग्रुप आहे. एक डॉक्टर, दातांच्या, आमच्याच सोसायटीतल्या. दुसरे बँकेतून निवृत्त झालेले काका, वय चौसष्ट, तरी प्रत्येक चढावर माझ्या पुढे, आणि वर थांबून घड्याळ बघायची त्यांना वाईट खोड. तिसरा हिंजवडीत नोकरी करणारा अमरावतीकडचा तरुण. रोज तीन तास कंपनीच्या बसमध्ये बसून आंबलेला असतो, म्हणून रविवारी सुटतो. चौथा मी. वय एक्कावन्न, पोट भरपूर, चौघांत सगळ्यात हळू.

मे महिन्यात हिमाचलमधली एक खिंड ओलांडायचा आमचा बेत होता. गेल्या मेमध्येही असाच बेत होता, पण खिंडीच्या खालीच मला धाप लागली आणि मी तळावरच्या तंबूत थांबलो. ही तिघं वर जाऊन आली. आल्यावर त्यांनी मला वरचे फोटो दाखवले नाहीत, आणि ते न दाखवणंच मला फार लागलं. या वर्षी काहीही करून मला ती खिंड गाठायची होती. आणि यांना मी नको आहे, असा मला पक्का संशय होता.

संशयाला कारण होतं. जानेवारीपर्यंत आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बूट, तंबू, गूळपोळ्या किती न्यायच्या, यावर दिवसभर काथ्याकूट चालायचा. मग एकदम शांतता. काकांची सकाळची फुलं तेवढी यायची. ही गप्प बसणारी माणसं नव्हेत. म्हणजे बोलणं दुसरीकडे चालू होतं. माझ्याशिवायचा एक ग्रुप निघाला होता.

"काय रे, मेचं काय ठरलं?" मी तरुणाला विचारलं.

"होऊन जाते ना सर," तो म्हणाला आणि वाफाळता चहा एका घोटात प्यायला.

"अहो सर, आधी रेस तर होऊ द्या," डॉक्टर म्हणाल्या.

रेस मार्चमध्ये होती, मुळशीच्या बाजूला. तिथल्या एका रिसॉर्टच्या जलतरण तलावात पाचशे मीटर पोहायचं, वीस किलोमीटर सायकल, पाच किलोमीटर धावणं, आणि सगळं अडीच तासांच्या आत. आत संपवलं तर मला टाळायला यांच्याकडे तोंड राहणार नाही, असा माझा हिशेब होता. मी महिनाभर पहाटे उठलो, बायकोचे टोमणे खाल्ले आणि रेसला उभा राहिलो.

पोहताना काका माझ्या शेजारच्या लेनमध्ये होते. एरवी हा माणूस मला दोन फेऱ्यांनी मागे टाकतो. त्या दिवशी मी श्वासाला तोंड वळवलं की यांचं तोंड माझ्याकडे! मी मध्येच बाहेर पडतो का, याच्यावर पाळत ठेवतायत, असं मला वाटलं आणि त्या रागातच मी पोहून गेलो. सायकलच्या टप्प्यात तरुणाची चेन दोनदा पडली, दोन्ही वेळा चढावर, माझ्या थोडं पुढे. स्वतःच्या चेनला नव्या नवरीसारखं जपणारा हा मुलगा. मी जवळ आलो की याची चेन बसायची. "चला सर, मी आहे मागं," म्हणायचा. माझ्या मागे राहून याला काय बघायचं होतं?

धावताना दुसऱ्याच किलोमीटरला माझे पाय शिशाचे झाले. ऊन चढलं होतं. आता बसावं, असं मनात आलं, तेवढ्यात समोर डॉक्टर रस्त्याच्या कडेला पोटरी धरून बसलेल्या दिसल्या.

"सर, गोळा आलाय हो. जरा बरोबर चालता का?"

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. मी त्यांना हात देऊन उठवलं. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत पळायचं, पुढचा टप्पा चालायचं, असं त्यांनीच ठरवलं. मी त्यांना धीर देत होतो, "जमेल, डॉक्टर, जमेल." मुदतीला सहा मिनिटं बाकी असताना आम्ही दोघं आत पोचलो.

संध्याकाळी मी ग्रुपवर लिहिलं, "डॉक्टरांसाठी थांबलो नसतो तर दहा मिनिटं तरी आधी आलो असतो. असो. सोबत महत्त्वाची." एका मिनिटात तिघांचे अंगठे आले. इतक्या पटकन आले, हेही मला खटकलं.

सोमवारी दुपारी मी स्टाफरूममध्ये उत्तरपत्रिका तपासत होतो. फोन वाजला. ग्रुपवर काकांनी एका कागदाचा फोटो टाकला होता. चुकीच्या ग्रुपवर टाकला, हे त्यांच्या लक्षात आलं असावं, आणि घाईत त्यांनी तो फक्त स्वतःच्या फोनवरून पुसला. त्यांच्याकडून गेला, आमच्याकडे तसाच राहिला. पाच मिनिटांनी त्यांनी निर्धास्तपणे एक गुलाबाचं फूल पाठवलं.

कागदावर पट्टीने आखलेला तक्ता होता, काकांच्या बँकेतल्या अक्षरात. वर लिहिलं होतं, "सरांबरोबर मागे राहण्याच्या पाळ्या". रेसच्या खाली: पोहणे, मी. सायकल, चेन पडणे, दोनदा पुरे. धावणे, डॉक्टर, पोटरी. तिन्हींवर बरोबरच्या खुणा. त्याखाली मेचे आठ दिवस आणि त्यांच्या पाळ्या. खिंडीच्या दिवसापुढे लिहिलं होतं, "तिघंही. पोचलो तर चौघं, नाहीतर कोणी नाही."

मला आधी लाज वाटली, मग भयंकर राग आला. दुसरा ग्रुप होता. माझा संशय खरा निघाला होता, आणि तरीही मी साफ चुकलो होतो. "जमेल, डॉक्टर, जमेल" हे माझेच शब्द आठवून कानशिलं तापली. पेपर कपाटात टाकून मी सरळ डॉक्टरांच्या दवाखान्यात गेलो.

त्यांनी तो फोटो बघितलाच होता. मला बघून त्या उठल्या नाहीत.

"मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही आला असतात?"

मी पेशंटच्या खुर्चीत बसलो. "नसतो आलो," मी म्हणालो.

"मग झालं तर."

मी फोनवरचा तक्ता पुन्हा उघडला. शेवटच्या दोन दिवसांपुढे, उतरायच्या, कोणाचंच नाव नव्हतं. उतरताना मला काही होत नाही, हे काकांनी बरोबर हेरलं होतं.

"डॉक्टर, काका सिंहगड कसे उतरतात, बघितलंय कधी?"

"कसे म्हणजे?"

"आडवं पाऊल टाकत. उतरताना उजवा गुडघा दुखतो त्यांचा, वाकवतच नाहीत. आपण जवळ गेलो की बुटाची नाडी बांधायला बसतात. दिवाळीपासून बघतोय. मला वाटायचं, आणखी काहीतरी लपवतायत."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. वर्षभर त्यांच्यासोबत उतरूनही त्यांना हे दिसलं नव्हतं.

"शेवटचे दोन दिवस माझं नाव घाला," मी म्हणालो. "मी राहतो त्यांच्यामागे. काहीतरी कारण काढेन."

त्यांनी ते लिहून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "पण सर, त्यांना कळू देऊ नका हं. कळलं तर ते यायचेच नाहीत."